रुंद हवी, बंद नको

सायकलींच्या भवितव्याबद्दल सध्या एकाच सुरात जे सांगितलं जातं, ते थोडक्यात असं: डांबरी रस्त्याची रोड बाइक असो वा खडीच्या वाटांची ग्रॅव्हल बाइक, तिचं पुढचं रूप म्हणजे सगळं काही पोटात दडवलेली सायकल. ब्रेकच्या नळ्या हँडलमधून आतल्या आत चिमट्यात आणि फ्रेममध्ये जाणार. हँडल आणि स्टेम मिळून कार्बनचा एकच तुकडा होणार. गिअर बिनतारी, बॅटरीवर चालणारे. सीटची नळी त्या एका फ्रेमपुरतीच घडवलेली. आणि वजन दरसाल शे-दोनशे ग्रॅमनी उतरत जाणारं. आज टूर द फ्रान्समध्ये जे दिसतं ते चार-पाच वर्षांनी सगळ्यांकडे येणारच आहे, तेव्हा आत्ताच घ्या, असा या भाकिताचा दुकानातला अर्थ. हे भाकीत मला मान्य नाही. गेल्या वीसेक वर्षांत या सायकलींमध्ये दोन अगदी वेगळे बदल झाले. एक रुंदीचा: टायर रुंद झाले, हवेचा दाब उतरला, चिमट्यात जागा वाढली. दुसरा बंदिस्तपणाचा: सुटे भाग आत गेले आणि ज्याच्या-त्याच्या कंपनीचे झाले. पहिला बदल खराब रस्त्यांनी शिकवला, तो टिकेल. दुसरा पवनबोगद्यातून आणि विक्रीखात्यातून आला, आणि त्याच्यापुढे मान तुकवण्याचं आपल्याला काही कारण नाही. हे दोन्ही बदल एकाच पुडीत बांधून 'आधुनिक सायकल' म्हणून विकले जातात, आणि सगळा घोटाळा तिथेच आहे. ती पुडी सोडवणं हा या लेखाचा उद्देश.

सायकलीची परीक्षा कुठे घ्यायची, यावर निकाल बराच अवलंबून असतो. ती नेवासा तालुक्यातल्या सोनईच्या आसपास घ्यावी, कारण महाराष्ट्रात भेटतात ते बहुतेक रस्ते तिथे हाकेच्या अंतरावर भेटतात. शिर्डीहून शनिशिंगणापूरला जाणाऱ्या गाड्या राहुरीवरून सोनईमार्गे येतात. शनिवारी आणि शनी अमावस्येला त्यांची रीघ लागते. मुळा सहकारी साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर त्याच रस्त्यांवर उतरतात. खाली काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचं डांबर कडेकडेनं तुटत जातं. डांबराची कड एकीकडे आणि साइडपट्टी वीतभर खाली, अशी पायरी तयार होते, आणि मागून उसाची ट्रॉली आली की सायकलवाल्याला नेमकी तीच पायरी उतरावी लागते. डांबर सोडलं की पाटाच्या कडेचा मुरमाचा रस्ता, तिथून वस्तीवर जाणारी पाणंद. बांधाला वेडी बाभूळ, जमिनीलगत सराटा. घोडेगावहून नगरच्या दिशेनं निघालं तर पुढे इमामपूरचा घाटही आहे. रोड बाइक आणि ग्रॅव्हल बाइक असे दोन कप्पे युरोप-अमेरिकेच्या बाजारानं पाडले. सोनईत ते एकाच फेरीत चार वेळा मोडतात. इथे चालणारी सायकल महाराष्ट्रात कुठेही चालेल. इथे न चालणारी सायकल कितीही देखणी असली तरी ती आपल्यासाठी भविष्य ठरत नाही.

आधी रुंदीचं पाहू, कारण त्या बाजूचा पुरावा भक्कम आहे. वर्षानुवर्षं सायकलवाल्यांची ठाम समजूत होती की टायर जितका अरुंद आणि जितका टणक, तितकी सायकल वेगवान. २३ मिलिमीटरचा टायर, त्यात ११० पीएसआय हवा, हा शर्यतीच्या सायकलीचा धर्मच होता. ही समजूत उभी होती प्रयोगशाळेतल्या गुळगुळीत लोखंडी पिंपावर. तिथे टायरच्या आतल्या घर्षणाखेरीज दुसरं काही मोजलंच जात नव्हतं, आणि दाब वाढवला की ते घर्षण कमी होतं हे खरंच आहे. पण पिंपावर खडी नसते. खऱ्या रस्त्यावर टणक टायर प्रत्येक खड्यावर उडतो, सायकल आणि स्वार दोघांनाही उचलतो, आणि पायांनी दिलेली ताकद अंगाच्या थरथराटात जिरते. 'बायसिकल क्वार्टर्ली'च्या यान हाइन यांनी २००६ च्या सुमारास खऱ्या रस्त्यावर स्वार बसवून मोजमापं घ्यायला सुरुवात केली, तेव्हा रुंद आणि लवचीक टायर मुळीच मागे पडत नाहीत असं दिसलं. आधी त्यांची थट्टा झाली. मग व्यावसायिक शर्यतींतले टायर २३ वरून २५, २८ आणि आता ३० ते ३२ मिलिमीटरपर्यंत आले. अमेरिकेत कॅन्सस राज्यात २००६ पासून खडीच्या रस्त्यांवर २०० मैलांची शर्यत भरते, तिला आज 'अनबाउंड' म्हणतात. तिथले आघाडीचे स्वार हल्ली माउंटन बाइकचे दोन इंचांहून रुंद टायर लावून उतरू लागले आहेत. रुंद टायर त्यांनी आरामासाठी लावलेले नाहीत. त्यांना शर्यत जिंकायची असते.

या निष्कर्षासाठी खरं तर कॅन्ससपर्यंत जाण्याचीही गरज नव्हती. ऊसपट्ट्यात तो बैलगाडीनं आधीच काढून ठेवला आहे. लाकडी चाकाला लोखंडी धाव चढवलेली जुनी गाडी अरुंद आणि कडक होती. ती काळ्या रानात रुतायची आणि डांबराला चरे पाडायची. साखर कारखान्यांच्या वाहतुकीत तिची जागा टायरगाडीनं घेतली, इतकी की ऊसतोड कामगारांच्या टोळ्यांमधला एक प्रकारच त्या गाडीच्या नावानं ओळखला जातो. हवेचा रुंद टायर आल्यावर त्याच बैलजोडीला जास्त ऊस ओढता येऊ लागला, कारण चाक जमिनीशी भांडायचं थांबलं. या गाडीची दुसरी बाजू मात्र सहसा बोलली जात नाही. टायरगाडी टिकली ती निव्वळ रुंद चाकामुळे टिकलेली नाही. तिचा टायर, ट्यूब, आस, बेरिंग हे सगळं मोटारगाड्यांच्या मापाचं होतं आणि टायर-पंक्चरच्या कुठल्याही टपरीवर दुरुस्त होत होतं. तिच्या चाकाला एकाच कारखान्याचं बेरिंग आणि एकाच गावात मिळणारा पाना लागला असता, तर ऐन हंगामात ती फडाच्या कडेला उभी राहिली असती आणि लोकांनी मुकाट्यानं जुनी धावेची गाडी जुंपली असती. रुंदी आणि उघडेपणा या गोष्टी जोडीनं चालल्या म्हणून ते तंत्र रुजलं. सायकलीच्या बाबतीत आज नेमकी हीच जोडी फोडली जाते आहे.

इथे एक आक्षेप लगेच येतो: म्हणजे तुम्हाला जुनी काळी सायकल परत हवी आहे तर! नको. त्या सायकलीचा टायर २८ बाय दीड इंचाचा, म्हणजे सुमारे ४० मिलिमीटर रुंद होता. आजच्या ग्रॅव्हल बाइकचा टायर साधारण त्याच रुंदीचा असतो, हे खरं. पण तिचे सळईचे ब्रेक पावसात फक्त नावाला असत, वजन वीस किलोच्या घरात, गिअर एकच, आणि पायटा ढिला झाला की कॉटर ठोकत बसायचं. इमामपूरच्या घाटात तिच्यावरून उतरून चालावंच लागे. त्या सायकलीकडून घेण्यासारखा धडा दुसराच आहे. तिची रिंग टायर बसतो तिथे ६३५ मिलिमीटर व्यासाची. आजच्या रोड आणि ग्रॅव्हल बाइकची ६२२. फरक अवघा १३ मिलिमीटरचा. पण तेवढ्यामुळे राहुरीच्या दुकानात खुंटीला टांगलेला टायर, रुंदी जवळपास तीच असूनही, ग्रॅव्हल बाइकवर चढत नाही. माप बदललं की आख्खी पुरवठ्याची साखळी तुटते, ती अशी. आता ३२ इंची चाकांची नवी चर्चा सुरू झाली आहे. मोठं चाक खड्ड्यावरून जास्त सहज जातं, यात खोटं काही नाही. पण त्या चाकाचा टायर, ट्यूब, रिंग आणि तारा तालुक्याच्या गावी कधी येणार, याचं उत्तर दिल्याशिवाय त्याला प्रगती म्हणणं म्हणजे निम्माच हिशेब मांडणं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. शर्यतीतूनच तंत्र झिरपत खाली येतं, तेव्हा आज जे महाग आणि किचकट वाटतं ते उद्या स्वस्त आणि सोपं होईल, असं म्हणतात. यात काही तथ्य आहे. बुटाला अडकणारे पॅडल शर्यतींनी रूढ केले. बेर्नार इनोनं १९८५ ची टूर द फ्रान्स त्यांच्यावर जिंकली. ब्रेकच्या दांड्यातच गिअर बदलण्याची सोय १९९० च्या सुमारास शर्यतींतून आली आणि ती सोयीचीच आहे. पण इतिहासाचं पारडं एकूण दुसऱ्या बाजूला झुकतं. सायकलीतला सगळ्यात मोठा शोध म्हणजे साखळी एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर नेणारं डिरेलर. फ्रान्समध्ये पॉल द व्हीवी आणि त्यांच्याबरोबरची प्रवासी मंडळी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून अनेक गिअरांचा प्रचार करत होती, डोंगरात स्वतः वापरून दाखवत होती. टूर द फ्रान्सचे संस्थापक आंरी देग्रांज यांनी मात्र आपल्या शर्यतीत डिरेलरला १९३७ पर्यंत येऊ दिलं नाही. डिस्क ब्रेक आणि बिनट्यूबचे टायर माउंटन बाइकवरून आले. रोड शर्यतींत डिस्क ब्रेकला कायमची परवानगी मिळाली ती २०१८ मध्ये, डोंगरवाल्यांनी ते वर्षानुवर्षं वापरून झाल्यावर. आणि रुंद टायरची गोष्ट वर सांगितलीच आहे. ज्या बदलांनी सामान्य सायकलस्वाराचं जगणं सोपं झालं, त्यातले बहुतेक खराब रस्त्यांवर आणि लांबच्या प्रवासात जन्मले. शर्यतीनं त्यांना आधी अडवलं आणि मग आपलंसं केलं. तेव्हा भविष्य पाहायचं तर शर्यतीच्या मांडवात डोकावण्यापेक्षा वाईट रस्त्यावर काय टिकतं ते पाहावं.

नळ्या आत दडवण्याचं समर्थन वाऱ्याच्या अडथळ्यावर उभं आहे. वाऱ्याचा अडथळा ही भ्रामक गोष्ट नाही. वेग वाढला की तोच सगळ्यात मोठा शत्रू. पण त्याचा हिशेब नीट करायला हवा. वाऱ्यावर मात करायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी ४५ किलोमीटरनं जाणाऱ्या व्यावसायिक स्वाराचे नळ्या लपवल्यामुळे १० वॅट वाचतात असं मुद्दाम उदार होऊन धरलं, तरी ताशी २० किलोमीटरवर ती बचत अकराव्या हिश्शावर येते. एक वॅटही पुरता उरत नाही. महाराष्ट्रात हौसेनं लांब पल्ला मारणारे पुष्कळ लोक ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब फेऱ्या, करतात. तिथे २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात, म्हणजे सरासरी ताशी पंधराच्या आसपास पडली तरी भागतं. आणि या वेगावरही जो वारा लागतो, त्यातला मोठा वाटा स्वाराच्या अंगाचा असतो, नळ्यांचा नगण्य. यावर कुणी म्हणेल की नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन बंधूंनी २०१५ मध्ये जोडीनं 'रेस अक्रॉस अमेरिका' पुरी केली, २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्यानं पुरी केली; त्यांना उत्तम सायकली लागल्याच ना? लागल्या, आणि त्यांच्या कर्तृत्वाबद्दल दुमत नाही. पण त्या शर्यतीत स्वाराच्या दिमतीला मदतनिसांची गाडी असते, तिच्यात सुटे भाग आणि हत्यारं असतात. ब्रेव्हेचा नियम याच्या उलट: ठरलेल्या टप्प्यांखेरीज वाटेत कुणाची मदत घ्यायची नाही. गाडी दिमतीला असताना जी सायकल उत्तम, ती एकट्या माणसासाठीही उत्तमच असेल असं गृहीत धरता येत नाही.

आता बंदिस्तपणाची किंमत जवळून पाहू. जुन्या सायकलीचं हँडल जड फिरायला लागलं की घोडेगावच्या काय, कुठल्याही गावच्या दुकानात एकच रीत. पुढचं चाक काढायचं, ब्रेकची सळई सोडवायची, हँडल उपसायचं, वरचा नट पान्यानं काढून चिमटा खाली ओढायचा. छर्रे फडक्यावर गोळा करायचे, वाट्या घासलेटनं धुवायच्या, त्यांना चरे पडले असतील तर बदलायच्या. ग्रीसमध्ये नवे छर्रे एकेक करून चिकटवायचे, चिमटा वर चढवायचा, नट असा आवळायचा की हँडल अडकणारही नाही आणि खुळखुळणारही नाही. काम साधं, माल कुठेही मिळणारा. नव्या सायकलीत हेच बेरिंग अखंड असतं आणि ब्रेकची नळी त्याच्या पोटातून जाते. वरचं बेरिंग बदलायचं तर आधी हँडलची टेप उकलायची, नळी ब्रेकच्या दांड्याकडून सोडवायची आणि बहुधा कापायची. तेल गळतं, नळीत हवा शिरते. मग नळीच्या टोकाला नवी जोडणी, नवं तेल, सिरिंज लावून हवा बाहेर काढणं. आणि हे बेरिंग आहे कुठे? स्वाराच्या हनुवटीखाली, जिथे त्याचा खारा घाम टपटपत असतो आणि सायकल धुताना पाण्याची धार बसते. म्हणजे जे सगळ्यात आधी गंजणार तेच सगळ्यात आत नेऊन ठेवलं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला तो हाच. सोनईच्या स्वाराला ही सायकल गाडीत घालून अहिल्यानगरला, छत्रपती संभाजीनगरला, नाहीतर थेट पुण्याला न्यावी लागते. 'शहरात सर्व्हिस सेंटर आहे की' असं म्हणणाऱ्यांनी एवढंच सांगावं की मोटार असल्याशिवाय दुरुस्त न होणाऱ्या सायकलीला वाहन म्हणायचं की सामान?

याचा अर्थ नवं ते सगळं टाकाऊ, असा मुळीच नाही. डिस्क ब्रेकचं उदाहरण घ्या. रिंगवर घासणारा ब्रेक रिंगची रुंदी आणि टायरची रुंदी दोन्ही बांधून ठेवतो. डिस्क आली तेव्हाच चिमट्यात मोकळी जागा झाली. खड्ड्यात चाकाला आऊट आला तरी डिस्कचा ब्रेक लागतो, आणि ओल्या काळ्या मातीचा गारा रिंगला लागला म्हणून काही बिघडत नाही. चिमट्यातली मोकळी जागा ही तर आपल्याकडे आधी मोजायची गोष्ट, कारण पहिल्या पावसानंतर पाणंदीतला गारा अरुंद चिमट्यात असा बसतो की चाक फिरायचंच थांबतं. आत द्रव भरलेले बिनट्यूबचे टायर किचकट वाटतात. पण सराट्याच्या गावाला त्यांच्यासारखा इलाज नाही. ज्या वनस्पतीला पश्चिमेत पंक्चर करणारी वेल म्हणूनच ओळखतात, ती आपल्या बांधाबांधावर आहे. काट्याचं बारीक भोक आतला द्रव क्षणात बुजवतो, आणि नाहीच बुजलं तर त्याच टायरमध्ये ट्यूब घालून घर गाठता येतं. हा 'नाहीच जमलं तर' चा दरवाजा उघडा राहणं, ही चांगल्या रचनेची खूण. बॅटरीवरचे गिअरही मुळात वाईट नाहीत. ते नेमके बदलतात आणि तार गंजण्याची कटकट राहत नाही. तक्रार विजेबद्दल नाहीच. एका कंपनीचा दांडा दुसऱ्या कंपनीच्या गिअरशी बोलत नाही, आणि एक तुकडा मोडला की अख्खा संच त्याच कंपनीकडून घ्यावा लागतो, ही तक्रार आहे. तारेच्या गिअरमध्येही मापं वेगवेगळी असतात, पण तार तुटली तर निदान ती तरी मिळते.

'उद्योगाची दिशा ठरलेली आहे, तुम्ही कितीही कंठशोष करा' असं म्हणणाऱ्यांना उत्तर उद्योगानंच देऊन ठेवलं आहे. पॅडलच्या आसाचं बेरिंग फ्रेममध्ये आट्यांनी बसवण्याची जुनी रीत सोडून ते दाबून बसवण्याची टूम काही वर्षांपूर्वी आली. फ्रेम हलकी आणि कडक होईल असं सांगितलं गेलं. कारखान्यात मापात केसाएवढा फरक पडला तरी ती बेरिंगं करकरू लागली आणि गिऱ्हाइकं वैतागली. स्पेशलाइज्ड कंपनीनं २०२० च्या टारमॅक एसएल७ या आपल्या अव्वल शर्यतीच्या सायकलीवर पुन्हा आट्यांचं जुनं माप आणलं. ट्रेक कंपनीही आट्यांकडेच वळली, फक्त मोठ्या मापाच्या. दुसरं उदाहरण मागच्या गिअरच्या हँगरचं. गिअर फ्रेमला जोडणारा तो छोटासा तुकडा प्रत्येक फ्रेमला वेगळा असे. सायकल उजव्या अंगावर पडून तो वाकला की स्वार दारोदार हिंडे. स्रॅम कंपनीनं २०१९ मध्ये सर्वांना वापरता येईल असं एक माप जाहीर केलं, आणि आता असंख्य फ्रेम त्याच मापाच्या निघतात. त्यात स्रॅमचा स्वार्थ होता. त्या मापावर तिनं पुढे आपलेच नवे गिअर बसवले. असेना. मुद्दा असा की बंदिस्तपणा हा काही निसर्गनियम नाही. गिऱ्हाइकानं कुरकुर केली की कंपन्या मागे येतात, आणि समाईक माप धंद्यालाही परवडतं.

'हे सगळं मूठभर हौशी श्रीमंतांचं. शाळेत सायकलवर जाणाऱ्या पोरीचा यात काय संबंध?' हा आक्षेप सहानुभूतीचा दिसतो, पण तो वस्तुस्थितीला धरून नाही. महागड्या सायकलीची फॅशन स्वस्त सायकलीत उतरते, मात्र उतरताना तिचा गुण वरच राहतो आणि खाली येतो तो नुसता देखावा. गावोगावची 'डबल शॉकअप'ची सायकल पाहा. माउंटन बाइकचा धक्काशोषक डोंगरातल्या खडबडीत वाटांसाठी बनला. त्यात स्प्रिंगबरोबर तिची उसळी आवरणारी यंत्रणा असते. स्वस्त सायकलीत फक्त स्प्रिंग आली. ती दर पायट्याला स्वाराची ताकद खाते, सायकलीचं वजन वाढवते, आणि तिचे सांधे वर्षभरात खुळखुळतात. पत्र्याच्या चकत्यांचे तकलादू डिस्क ब्रेकही तसेच. वरच्या सायकलींचं वळण रुंद टायर आणि सोप्या दुरुस्तीचं असेल, तर खाली निदान रुंद टायर उतरेल, आणि रुंद टायर हा तर फुकटातला शॉकअप आहे. वरचं वळण बंदिस्तपणाचं असेल, तर खाली उतरतील नळ्या दडवल्याचा आव आणणारी प्लॅस्टिकची झाकणं. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या विद्यार्थिनींना सायकलीसाठी पैसे मिळतात; २०२२ मध्ये ती रक्कम ३,५०० वरून ५,००० रुपये झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. दोन्ही गोष्टी चांगल्याच. पण त्यांनी सायकल विकत घेणं सोपं होतं. ती पाच वर्षं चालती ठेवणं सोपं होतं ते फक्त सायकलीच्या रचनेनं.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली. आंतरराष्ट्रीय दर्जाची टप्प्याटप्प्यांची शर्यत पुणे जिल्ह्यात भरली, हे महाराष्ट्राच्या सायकलिंगसाठी भूषणावहच. त्या निमित्तानं मार्गावरचे रस्ते नव्यानं करण्यात आले. शर्यतीला तसे रस्ते लागतातच, त्याला नाव ठेवण्याचं कारण नाही. पण त्यातून निघणारा निष्कर्ष टाळता येत नाही: शर्यतीच्या सायकलीसाठी रस्ता बदलावा लागतो. महाराष्ट्रात रस्त्यांची एकूण लांबी तीन लाख किलोमीटरांच्या वर आहे, आणि त्यातला मोठा भाग ग्रामीण आहे. ते सगळे कुणा स्वाराच्या टायरसाठी गुळगुळीत होणार नाहीत. व्हावेत ही मागणी आपण जरूर करत राहावी, पण सायकल निवडताना ते झालेत असं धरून चालू नये. 'रस्ते सुधारत आहेत, तेव्हा अरुंद टायरचे दिवस पुन्हा येतील' असं काही जण म्हणतात. युरोपातले रस्ते आपल्याहून कितीतरी गुळगुळीत आहेत, आणि टायर रुंद झाले ते तिथेच. मग राहुरी-सोनईच्या रस्त्यावर ते अरुंद होण्याचं काय कारण?

राहता राहिला शेवटचा युक्तिवाद: बाजारच ठरवेल. बाजार ठरवतोच, पण बाजार म्हणजे कुणी तिऱ्हाईत नाही, विचारणारं गिऱ्हाईक हा त्याचाच अर्धा भाग. ग्राहक व्यवहार खात्यानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं संकेतस्थळ सुरू केलं, तेव्हा त्यात शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं यांचा विचार झाला. ट्रॅक्टरचा मालक जर कंपनीकडे सुट्या भागांची आणि माहितीची मागणी करू शकतो, तर सायकलवाल्यानं संकोच का करावा? दुकानात शिरल्यावर वजनाचा काटा मागण्याआधी पाच गोष्टी विचाराव्यात. चिमट्यात निदान ४० मिलिमीटरचा टायर, वर मडगार्ड लावूनही, बसतो का? हँडलचं बेरिंग ब्रेकची नळी न सोडता बदलता येतं का? पॅडलच्या आसाला आटे आहेत का? हँगर समाईक मापाचा आहे का? सीटची नळी गोल आणि बाजारात मिळणाऱ्या मापाची आहे का? पाचही उत्तरं होकारार्थी असलेल्या सायकली आज मिळतात, आणि त्या सहसा दुकानातल्या सगळ्यात महाग सायकली नसतात. लुधियानाच्या आणि चेन्नईच्या कारखान्यांनाही हेच सांगणं आहे. युरोपच्या शर्यतीची नक्कल करून तुम्ही कायम दोन पावलं मागे राहाल. पण काळ्या मातीचा, मुरमाचा आणि सराट्याचा रस्ता तुमच्या दाराशी आहे. त्यावर दहा वर्षं टिकेल आणि तालुक्याच्या गावी दुरुस्त होईल अशी रुंद, हलकी, गिअरची सायकल तुम्ही बनवलीत, तर ती फक्त सोनईत खपणार नाही. आफ्रिकेपासून लॅटिन अमेरिकेपर्यंत जगातले बहुतेक रस्ते आल्प्सच्या घाटापेक्षा सोनईच्या पाणंदीला जवळचे आहेत. सायकलीचं भविष्य तिथे आहे, कारण सायकलीवाचून ज्यांचं खरोखर अडतं ती माणसं तिथे आहेत.